रेषा मारायच्या आधी एकदा उधाणाला या: एमएमआरडीएला खुलं पत्र

प्रति,
मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे सर्व सदस्य,
आणि नियोजन विभागात बसून नकाशे बनवणारे अधिकारी,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.

साहेब, मॅडम, नमस्कार.

मी कुर्ल्यात राहते. जन्म इथला, शाळा इथली, लग्न होऊनही स्टेशनची फक्त बाजू बदलली. पण माझं आजोळ उरणच्या पूर्व भागात आहे, खोपट्याच्या खाडीच्या अंगाला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण उद्या मामाच्या दारात कोणी येऊन "तुमच्या भाचीने काय लिहिलंय" असं विचारायला नको. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते म्हणजे मनात शंका राहणार नाही. या जमिनीत माझा एक पैशाचा हिस्सा नाही. आईने कधीच हक्कसोड करून दिलंय, भावाला. तेव्हा दर वाढवून मागण्यासाठी हे पत्र नाही.

मार्च 2024 मध्ये अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उरण, पनवेल, पेण या तीन तालुक्यांतल्या 124 गावांसाठी तुम्हाला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमलं. कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर असं कागदावरचं नाव, पेपरवाले तिसरी मुंबई म्हणतात. 323 चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या महापालिकेच्या हद्दीतली जवळजवळ पाऊण मुंबई. मधल्या काळात हजारो लोकांनी हरकती दिल्या, माझ्या मामेभावानेही दिली, उन्हात लाईन लावून, तीन झेरॉक्स जोडून. त्या हरकतीचं काय झालं ते त्याला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. आता कानावर येतंय ते असं की इंडस्ट्रियल पार्क येणार, लॉजिस्टिक पार्क येणार, डेटा सेंटर येणार, आणि त्यासाठी कोणती जमीन कुठल्या रंगात दाखवायची याचं काम चालू आहे. म्हणून आत्ताच लिहितेय, रंग भरून झाल्यावर लिहून उपयोग नाही.

मला म्हणायचंय ते एवढंच की नकाशावर रेषा मारली की त्या दिवसापासून खाली जमिनीवर गोष्टी घडायला लागतात. तुम्हाला वाटतं भूसंपादन होईल तेव्हा बघू, मोबदला ठरेल तेव्हा बोलू, पण गावातला माणूस रेषेच्या दुसऱ्या दिवसापासून अडकतो, आणि पाणी तर भरावाचा पहिला डंपर रिकामा झाल्यापासून वाट बदलतं. या दोन्ही गोष्टी मी जवळून बघितल्यात.

आधी पाण्याचं सांगते, कारण ते तुमच्या ऑफिसच्या दारातच आहे.

तुमचं ऑफिस ज्या जमिनीवर उभं आहे ती मिठी नदीच्या काठची दलदल आणि खाजण होती. 1977 साली बीकेसीसाठी तुमची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, भराव झाला, संकुल उभं राहिलं, देशातल्या मोठमोठ्या बँका आल्या, ते सगळं झालं आणि त्याने शहराला पैसाही मिळाला, मी नाही म्हणत नाही. पण नदी अरुंद झाली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा आमच्या चाळीत छातीपर्यंत पाणी होतं. मी दोन वर्षांच्या मुलीला पोटमाळ्यावर ठेवून खाली आले आणि सासूबाईंना वर चढवत होते, त्यांचा पाय शिडीच्या तिसऱ्या पायरीवरच लटपटत होता, आणि तेवढ्यात शेजारचा फ्रीज तरंगत आमच्या दारात आडवा येऊन अडकला. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आम्ही रात्रभर पोटमाळ्यावर सहा जण बसलो होतो. पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं, चिखल आठवडाभर काढत होतो. पाऊस प्रचंड होता, भरती होती, नाले तुंबले होते, सगळं खरं, पण नंतर जे अभ्यास झाले त्यात मिठीच्या काठचे भराव आणि अरुंद झालेलं पात्र हेही कारण म्हणून आलंच. मिठीला पसरायला जी जागा होती ती आपण आधीच वापरून टाकली होती.

आता हेच खारजमिनीत कसं होतं ते सांगते. तुमच्यातल्या इंजिनियर लोकांना माहीत असेल, पण नकाशावर ही जमीन नुसती सपाट, मोकळी, पिवळी नाहीतर हिरवी दिसते, म्हणून परत सांगते.

आजोळची शेतं समुद्राच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. खाडी आणि शेत यांच्या मध्ये मातीचा बांध, त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो, आणि बांधात जागोजागी उघाड्या. उघाडीला झडप असते. भरती आली की खाडीच्या पाण्याने झडप आपोआप दाबली जाते आणि बंद होते, ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याच्या जोराने ती उघडते आणि शेतातलं पाणी खाडीत जातं. ना मोटर ना वीज. आता पावसाळ्यात जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की काय होतं? झडप बंद, वरून डोंगरातलं पाणी येतंय, ते जाणार कुठे? ते शेतात थांबतं. पाच-सहा तास भाताच्या खाचरात उभं राहतं, आणि ओहोटीला निघून जातं. भाताला त्याने काही होत नाही, उलट खार धुतला जातो. म्हणजे ती शेतं म्हणजे आख्ख्या पट्ट्याची टाकी आहे.

हिशोब करा. शंभर हेक्टर शेतात अर्धा मीटर पाणी उभं राहिलं तर ते होतं पाच लाख घनमीटर, म्हणजे पन्नास कोटी लिटर. दहा हजार लिटरचे पन्नास हजार टँकर. त्या शंभर हेक्टरवर तुम्ही दोन-तीन मीटर भराव घालून इंडस्ट्रियल पार्क केला तर पार्क कोरडा राहील, नक्की राहील, पण ते पन्नास हजार टँकर पाणी नाहीसं होणार नाही, ते शेजारच्या गावात जाईल, आणि शेजारच्या गावात ते शेतात नाही तर घरात जाईल कारण शेतं तर तुम्ही भरलीत. नवी मुंबई विमानतळासाठी डोंगर फोडून, नदीची वाट वळवून भराव झाला त्यानंतर पारगाव-डुंगीच्या लोकांच्या घरात पावसाळ्यात पाणी शिरायला लागलं ते सगळ्यांनी बातम्यांत बघितलंय. ती माणसं विमानतळाच्या आत नव्हती, बाजूला होती. बाजूचा माणूस कोणत्याच यादीत येत नाही हीच तर पंचाईत आहे.

मामा आता 78 वर्षांचा आहे. त्याला विचारलं की भरती किती वाजता तर तो कॅलेंडरवरची तिथी बघतो आणि तिची पाऊणपट करतो, अष्टमी असेल तर सहा वाजता, एवढं सोपं. लहानपणी मी मे महिन्यात तिथे असायची आणि कधी जून लागला तरी शाळा बुडवून राहायची, त्यातली एक रात्र आठवते. अमावस्येचं उधाण होतं आणि बांधाला खांड गेली, म्हणजे भगदाड पडलं. कोणीतरी लांबून ओरडलं आणि बघता बघता घराघरातून माणसं निघाली, हातात घमेली, फावडी, पेंढ्याचे भारे, एका म्हातारीने तर दाराची फळी काढून दिली होती. बायका चिखलाचे गोळे हातोहात देत होत्या, मी पण त्या रांगेत होते, नऊ-दहा वर्षांची, माझ्या हातात यायचा तो गोळा माझ्या डोक्याएवढा आणि गार. पहाटेपर्यंत खांड बुजली. खारं पाणी आत शिरलं असतं तर दोन-तीन वर्षं तिथे भात झालं नसतं. त्या रात्री कोणी कोणाची जमीन म्हणून विचारलं नाही, कारण एकाच्या शेतात खारं पाणी आलं की सगळ्यांच्या येतं.

हे बांध आज पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, हेही खरं सांगते. 1979 चा खारजमीन विकास कायदा आहे, सरकारचं खारभूमीचं खातं आहे, पण बांधांची डागडुजी वेळेवर होत नाही, खांडी पडतात, पडूनच राहतात, मग शेतात कांदळवन वाढतं आणि मग लोक म्हणतात ही जमीन नापीक आहे, तिचा काय उपयोग. नापीक केलेली जमीन आणि नापीक असलेली जमीन यात फरक आहे ना? पनवेलला सरकारचंच खारजमीन संशोधन केंद्र आहे, कोकण कृषी विद्यापीठाचं, त्यांनी खाऱ्या मातीत येणारं भात काढलं, पनवेल 1, पनवेल 2, पनवेल 3 अशी त्यांची नावं, मामाने ते पेरलंय. एकीकडे सरकार अशा जमिनीत भात कसं येईल यावर माणसं बसवतं आणि दुसरीकडे तीच जमीन पडीक म्हणून इंडस्ट्रीला दाखवतं, हे दोन्ही विभाग एकमेकांशी एकदा तरी बोलले असतील का?

आता माणसांचं.

तुमच्या अधिसूचनेनंतर माझ्या मामेभावाने घर वाढवायचं ठरवलं, थोरल्या मुलाचं लग्न जमलंय, एक खोली आणि संडास-बाथरूम एवढंच. गावठाणाच्या बाहेर आहे घर, जसं निम्म्या गावाचं आहे, कारण गावठाण वाढवून द्यायची मागणी दोन पिढ्यांची आहे आणि घरं काही तिच्यासाठी थांबत नाहीत. एका ऑफिसात गेला तर म्हणाले आता परवानगी द्यायचा अधिकार आमच्याकडे नाही, तिकडे जा. तिकडे गेला तर म्हणाले प्लॅन अजून तयार नाही, प्लॅन झाल्याशिवाय कसं सांगणार. कर्जासाठी बँकेत गेला तर तिथला साहेब सातबारा बघून म्हणाला हा एरिया नोटिफाइड आहे, परवानगी आणा. असे त्याने सात महिने काढले. शेवटी पत्र्याची शेड मारली. उद्या तुमचे लोक सर्वेला येतील तेव्हा ती शेड अनधिकृत बांधकाम म्हणून लिहितील, आणि कागदावर ते बरोबरही असेल. पण त्याला अनधिकृत कोणी केलं?

हे एका घराचं झालं. सिडकोने विमानतळाभोवतीच्या गावांसाठी नैना नावाची योजना आणली ते 2013 साल होतं. आधी 270 गावं, मग काही वगळली, मग टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, 40 टक्के जमीन मालकाला परत आणि 60 टक्के प्राधिकरणाला. पनवेलमधली माझी चुलत नणंद त्यात आहे, 2013 मध्ये तिचा मुलगा पाचवीत होता, आता तो नोकरीला लागला, आणि त्यांच्या शेताचं नक्की काय होणार हे अजून त्यांना ठाऊक नाही. तुमच्या 124 गावांतली 80 गावं त्या नैनातूनच तुमच्याकडे आली आहेत आणि 33 गावं खोपटे नवनगरमधून. म्हणजे या लोकांच्या जमिनीवरून एक रेषा आधीच गेली होती, तिचं काही झालं नाही, आणि आता तिच्यावरच दुसरी रेषा. फाइल एका प्राधिकरणाकडून दुसऱ्याकडे गेली, माणूस तिथेच, हातात तोच सातबारा.

तुम्ही म्हणाल मोबदला चांगला मिळेल, परतावा मिळेल. साहेब, या पट्ट्यातल्या लोकांना परताव्याचा इतिहास पाठ आहे. नवी मुंबईसाठी 1970 पासून 95 गावांची जमीन घेतली. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासईजवळ दास्तान फाट्याला आणि नवघर फाट्याला गोळीबार झाला, पाच माणसं गेली, दि. बा. पाटील साहेबांच्या मागे सगळा आगरी-कोळी समाज रस्त्यावर होता, माझा थोरला मामा होता त्यात, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व आलं. जमीन गेल्यावर माणसं मरावी लागली तेव्हा परतावा आला. जेएनपीटी बंदर 1989 ला सुरू झालं, जमिनी त्याच्याही आधी गेल्या, आणि साडेबारा टक्क्यांचे कागद पंतप्रधानांच्या हस्ते दिले गेले ऑगस्ट 2014 मध्ये. मधली तीस वर्षं! ज्याच्या नावाची जमीन होती तो गेला, मुलं पन्नाशीला आली, एका सातबाऱ्यावर वारस वीस-पंचवीस झाले, मग त्या भूखंडाच्या तुकड्यासाठी भावाभावांत कोर्ट. हनुमान कोळीवाड्याच्या लोकांना बंदरासाठी उठवलं आणि जिथे बसवलं तिथे घरांना वाळवी, दारं-खिडक्या-वासे सगळं पोखरलेलं, चार दशकं ती माणसं परत पुनर्वसन मागतायत. ही उदाहरणं मी शोधून काढलेली नाहीत, उरणच्या बाजारात चहाच्या टपरीवर उभे राहा, कोणीही सांगेल.

आणि रेषा पडली की अजून एक होतं. दलाल येतात. आपल्या मुंबईतून, ठाण्यातून, गाडी घेऊन. इसार पावती करतात, दोन लाख हातावर ठेवतात, बाकीचे नंतर. अटल सेतू जानेवारी 2024 ला सुरू झाला आणि मामाच्या गावात एका महिन्यात जेवढ्या कोऱ्या गाड्या आल्या तेवढ्या त्याने आयुष्यात बघितल्या नव्हत्या. आधी अडचण तयार होते की घर बांधता येत नाही, कर्ज मिळत नाही, शेतीत काही गुंतवायची हिंमत होत नाही, आणि मग अडचणीतला माणूस मिळेल त्या भावात विकतो. तुमचा प्लॅन मंजूर होईपर्यंत खरा शेतकरी त्यात उरतच नाही आणि 40 टक्के परतावा ज्याला मिळतो तो भलताच कोणीतरी असतो.

ज्यांचा सातबारा नाही त्यांचं तर नावच कुठे येत नाही. माझी मावशी, मामाच्या शेजारीच राहते, विधवा, तिच्या नावावर एक गुंठा नाही. ती ओहोटीला खाडीत उतरते. फग लावून चिंबोऱ्या पकडते, चिखलात हात घालून निवट्या काढते, कमरेला टोपली, साडीचा काष्टा, पाय मांडीपर्यंत चिखलात. तिच्या हाताची बोटं बघा कधी, प्रत्येक बोटावर चिंबोरीच्या नांगीचा वण आहे. दोन-तीन तासांत जे मिळेल ते घेऊन बाजारात बसते, दोन मुलींची लग्नं तिने त्याच्यावर केली. उघाडीच्या तोंडाशी कोलंबी मिळते, तळ्यात जिताडा वाढतो. भराव झाला, खाडीचं तोंड आवळलं की सगळं जातं, आणि भरपाईच्या फॉर्मवर तिच्यासाठी रकानाच नसतो. तुमच्या सर्वेमध्ये "बाधित कुटुंब" कसं ठरवणार आहात? सातबाऱ्यावरूनच ठरवणार असाल तर ती बाधित नाही. रेशनकार्डवर तिचा धंदा लिहिलाय "घरकाम".

नोकऱ्यांचंही बोलते, नाहीतर म्हणाल ही बाई विकासाच्या विरोधात आहे. मामेभावाचा धाकटा मुलगा आयटीआय फिटर आहे. तो मला तोंडावर म्हणाला, आत्या, शेतीत काय ठेवलंय, तू मुंबईत बसून बोलतेस. मी गप्प बसले, कारण त्याचं चूक नाही. तो एका कंटेनर यार्डात कॉन्ट्रॅक्टरकडे आहे, बारा तास, दर अकरा महिन्यांनी ब्रेक, पीएफ कापतात की नाही तेही त्याला नीट माहीत नाही. त्याला कारखाना हवाय, पक्की नोकरी हवीय. मलाही त्याला ती मिळायला हवीय, मनापासून. माझे वडील गिरणीत होते, 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते, पक्की नोकरी गेली म्हणजे घरात काय होतं ते मला कोणी शिकवायला नको. गिरण्यांच्या जमिनीचं पुढे काय झालं तेही मुंबईने बघितलंय, कामगारांच्या घरांसाठी वडिलांनी भरलेला फॉर्म आईच्या ट्रंकेत अजून आहे, वडील नाहीत. म्हणून विचारते, पार्कमध्ये किती नोकऱ्या, कोणत्या, त्यात 124 गावांतल्या मुलांना किती, कॉन्ट्रॅक्टवर की कंपनीच्या पेरोलवर, हे प्लॉट देताना करारातच लिहिणार का? गोदामं आणि डेटा सेंटर यांना जमीन भरपूर लागते आणि माणसं फार थोडी लागतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि जागाच हवी असेल तर आधी घेतलेली वापरा. द्रोणागिरी-उलवे भागात सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या नावाने गेलेली जमीन कित्येक वर्षं मोकळी पडून होती, आम्ही उरणला जाता-येता बघायचो, कुंपण आणि आत गवत. तळोजा, पाताळगंगा इथल्या एमआयडीसीत बंद पडलेल्या कारखान्यांचे प्लॉट आहेत. ते भरावाचे, रस्त्याचे, पाण्याचे तयार प्लॉट आहेत. नवीन एक एकर खारजमीन नकाशात घेण्याआधी या तिन्ही ठिकाणी किती जमीन रिकामी आहे त्याची यादी लोकांपुढे ठेवा, मराठीत, गावाच्या चावडीवर लावा. ती यादी संपली आणि तरी जागा कमी पडली तर मग पुढचं बोलता येईल, आणि तेव्हाही वरकस, माळाची जमीन आधी, बांधाच्या आतली शेवटी.

लोकांना विचारायची पद्धत या भागात आधी झालेली आहे. महामुंबई सेझच्या वेळी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत 21 सप्टेंबर 2008 ला सरकारनेच मतदान घेतलं. पेणच्या बाजूला माझी एक मावसबहीण दिली आहे, ती म्हणते त्या दिवशी गावात लग्नासारखी गर्दी होती, बाया नवीन साड्या नेसून मत द्यायला गेल्या होत्या. तो सेझ पुढे झाला नाही. मतदान घेतलं म्हणून आकाश कोसळलं नाही. मग आत्ता नुसत्या हरकती-सूचनांच्या झेरॉक्सवर का थांबायचं? ग्रामसभा घ्या. पावसाळ्यात भाताची लावणी चालू असताना नको, मे महिन्यात घ्या. बायकांची वेगळी घ्या, कारण मावशी पुरुषांच्या सभेत तोंड उघडणार नाही.

आणि रेषेवर तारीख टाका. ही माझी खरी मागणी आहे. आरक्षण टाकलं, औद्योगिक झोन दाखवला, तर त्याच कागदावर लिहा की या तारखेपर्यंत संपादन, मोबदला आणि परताव्याचा विकसित प्लॉट असं तिन्ही झालं नाही तर ही जमीन आपोआप मोकळी, शेतकऱ्याला कोर्टात जायला न लावता. पाच वर्षं म्हणा, काही म्हणा, पण आकडा लिहा. तोवर गावठाणाबाहेरच्या राहत्या घरांना दुरुस्तीची आणि एक मजला वाढवायची परवानगी ग्रामपंचायतीतच मिळू द्या. ज्याच्याकडे सातबारा आहे त्याला बँक हप्ता चुकला तर दंड लावते, तुम्हाला मात्र कसलीच मुदत नाही असं कसं चालेल?

भरावाचंही तसंच. भराव घालायच्या आधी आख्ख्या खाडीच्या पट्ट्याचा पाण्याचा अभ्यास करा, एका प्लॉटचा नाही. कोणत्या उघाडीतून किती गावांचं पाणी जातं, ती बंद झाली तर ते कुठे फिरेल, 26 जुलैसारखा पाऊस आणि उधाणाची भरती एकत्र धरून. तो रिपोर्ट इंग्रजी वेबसाइटच्या कोपऱ्यात नको, मराठीत काढा आणि त्यातलं गाव न् गाव वाचून दाखवा. कांदळवनाबद्दल तर मुंबई हायकोर्टाचा 2018 चा निकाल आहेच, 50 मीटरचा बफर सोडावाच लागतो, पण कांदळवनाच्या पलीकडची भाताची खाचरं कोणत्याच बफरमध्ये येत नाहीत, आणि पाणी तर तिथेच थांबतं.

मागच्या महिन्यात मामाला फोनवर हे सगळं सांगत होते, की मी पत्र लिहितेय, भरावाचा असा हिशोब आहे, एवढे टँकर होतात. तो ऐकत होता. मग म्हणाला, "बाय, पानी आपली वाट सोरत नाय. त्यांना सांग येऊन बघा."

म्हणून सांगते, या. पावसाळ्यातल्या कुठल्याही पौर्णिमेनंतरची प्रतिपदा धरा, भरती दुपारी पाऊण-एकच्या सुमाराला पूर्ण असते. बीकेसीतून निघालात तर कुर्ल्याला या, मी स्टेशनवर असते, हार्बरने नेरूळ आणि तिथून उरणची लोकल, पुढे मामेभाऊ रिक्षा घेऊन येईल. चपला चालणार नाहीत, चिखल आहे. मोठा नकाशा आणा, जो तुम्ही रंगवताय तोच, आणि एक पेन्सिल. बाहेरकाठ्यावर उभं राहिल्यावर एका बाजूला खाडी तुमच्या घोट्याच्या पातळीला असेल आणि दुसऱ्या बाजूला शेत दोन हात खाली. उघाड्या कुठे कुठे आहेत ते मामा बोट ठेवून दाखवेल, नकाशात नसतील त्या तिथल्या तिथे मांडून घ्या.

तुमची,
कुर्ल्याची एक रहिवासी, उरणची भाची